विद्वानाचें वचन

महाभारताच्या कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या एका तपस्व्याची कथा आहे. सदासर्वदा खरें बोलावयाचें, असें त्याचें व्रत होतें. दरोडेखोरांच्या भयानें पळालेले कांहीं लोक त्याच्या वस्तीजवळच्या रानांत शिरले. मागोमाग दरोडेखोर आले, त्यांनीं कौशिकास ते कोणीकडे गेले म्हणून विचारलें, आणि व्रतास जागून त्यानें वाट दाखविली. लोक मारले गेले. कौशिक नरकास गेला. श्रीकृष्ण ही कथा अर्जुनास सांगतो तो प्रसंगही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. गांडीव दुसऱ्यास देऊन टाक असें जो म्हणेल त्याचा वध करीन, ही आपली प्रतिज्ञा खरी करण्यासाठीं अर्जुन त्या वेळीं वडील भावावर खड्ग उपसून उभा होता. एकीकडे सत्याचें व्रत, दुसरीकडे प्रतिज्ञेचें बंधन, आणि भोंवतीं भाऊबंदांचें युद्ध! यादवीच्या काळांत सद्गुणांनाही धार चढते आणि ते भलत्याच्या अंगावर चालून जातात, हें व्यासांनीं पुरतें ओळखलें होतें.

हा जुना प्रश्न आमच्यापुढें नव्यानें उभा राहिला तो उत्तर आयर्लंडमधील एका संशोधनाच्या हकीकतीमुळें. उत्तर आयर्लंड हा ब्रिटिश राज्याचा भाग. तेथील एका पक्षास तो आयर्लंडच्या प्रजासत्ताकास जोडला जावा असें वाटे. दुसऱ्यास ब्रिटनशीं असलेलें ऐक्य प्राणापलीकडे प्रिय. पहिल्या पक्षांत बहुतेक कॅथॉलिक, दुसऱ्यांत बहुतेक प्रॉटेस्टंट. १९६८-६९ च्या सुमारास पेटलेला हा कलह १० एप्रिल १९९८ च्या करारापर्यंत चालला, आणि पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या मुलखाच्या भांडणापायीं सुमारें साडेतीन हजार माणसें प्राणांस मुकलीं. मारणारा आणि मेलेला पुष्कळदां एकाच शहराचे रहिवासी असत.

तह झाला, परंतु तहानें इतिहास लिहून होत नाहीं. गुप्त संघटनांच्या कारभाराचीं दप्तरें नसतात. जें असतें तें माणसांच्या स्मरणांत, आणि तीं माणसें तर वृद्ध होत चाललेलीं. म्हणून अमेरिकेतील बॉस्टन कॉलेज ह्या विद्यापीठानें २००१ मध्यें 'बेलफास्ट प्रॉजेक्ट' नांवाचा उपक्रम हातीं घेतला. एड मोलनी हे पत्रकार त्याचे संचालक झाले. दोन्ही बाजूंच्या जुन्या सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्या, त्या समुद्रापार बॉस्टनच्या ग्रंथालयांत कुलुपबंद ठेवाव्या, आणि सांगणारा जिवंत आहे तोंवर त्याच्या अनुमतीवांचून कोणासही दाखवूं नयेत, असें ठरलें. ज्या जगांत घरभेद्यास बंदुकीची गोळीच मिळत असे, त्या जगांतील माणसांनीं एरव्हीं तोंड उघडलें नसतें. वचनावर विश्वासून तीं बोललीं. २००६ पर्यंत हें काम चाललें.

२०१० मध्यें ह्या श्रमाचें पहिलें फळ प्रसिद्ध झालें. आयरिश रिपब्लिकन आर्मीचे ब्रेंडन ह्यूज आणि विरुद्ध पक्षाचे डेव्हिड अर्व्हाइन हे दोघे तोंवर निवर्तले होते. त्यांच्या मुलाखतींवरून मोलनी यांनीं ग्रंथ लिहिला. वचनाचें अक्षर पाळलें गेलें होतें. सांगणारे मेल्यावरच त्यांचें सांगणें जगापुढें आलें. परंतु ह्यूज केवळ स्वतःविषयीं बोलले नव्हते. जीन मॅक्कॉनव्हिल हिच्या वधाविषयींही ते बोलले होते.

ही बाई बेलफास्टमध्यें राहणारी एक विधवा, दहा मुलांची आई. डिसेंबर १९७२ मध्यें रिपब्लिकन आर्मीच्या लोकांनीं तिला मुलांच्या देखत घरांतून नेलें. ती सरकारास बातम्या पुरविते असा आरोप त्यांनीं केला; पुढें २००६ मध्यें पोलिसांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं चौकशी केली, तेव्हां तसा कांहींच पुरावा आढळला नाहीं. आई परत आली नाहीं; मुलांची ताटातूट होऊन तीं अनाथालयांत गेलीं. वध आपणच केल्याचें त्या संघटनेनें कबूल केलें तें १९९९ मध्यें. हा हुकूम कोणी दिला हें सांगतांना ह्यूज यांनीं एका हयात पुढाऱ्याचें नांव घेतलें. त्या पुढाऱ्यानें तें ठामपणें नाकारलें आहे. त्यास अटक होऊन चौकशी झाली, पण त्याच्यावर खटला भरला गेला नाहीं. तें नांव आम्ही येथें देत नाहीं. जें न्यायालयांत सिद्ध झालें नाहीं तें ह्या पानावर सिद्ध झाल्यासारखें दिसूं नये.

ग्रंथ निघाल्यावर पोलिस स्वस्थ बसणें शक्य नव्हतें. २०११ मध्यें दोन राष्ट्रांमधील कराराच्या आधारें ब्रिटिश सरकारनें त्या मुलाखतींची मागणी केली. मोलनी आणि त्यांचे सहकारी न्यायालयांत झगडले. २०१२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळलें. २०१३ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तें ऐकण्याचेंच नाकारलें. त्याच वर्षीं कॉलेजच्या अपिलावरून पंचाऐंशी मुलाखतींऐवजीं अकराच द्याव्या असें ठरलें, एवढाच काय तो दिलासा. पुढें एका वृद्ध इसमावर ह्या वधास चिथावणी दिल्याचा खटला झाला. २०१९ मध्यें न्यायाधीशांनीं तीं ध्वनिमुद्रणें पुरावा म्हणून भरंवशाचीं नाहींत असें ठरविलें, आणि तो निर्दोष सुटला. वचनही गेलें आणि न्यायही हातीं लागला नाहीं.

ह्या प्रकरणीं विद्वानांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, धर्मगुरूपाशीं दिलेला कबुलीजबाब आणि वकिलापाशीं सांगितलेलें गुपित जितकें पवित्र, तितकेंच संशोधकापाशीं केलेलें कथन पवित्र मानलें पाहिजे. नाहींतर यापुढें कोणत्याही यादवीचा आंतला इतिहास लिहिला जाणार नाहीं. दुसरा पक्ष विचारतो, आईचा घात कोणी केला हें ज्या मुलीस आयुष्यभर कळलें नाहीं, तिला तें उत्तर अमुक फडताळांत आहे परंतु तुला मिळणार नाहीं, असें कोणत्या तोंडानें सांगावें? विद्येचें मंदिर म्हणजे कायद्यापासून पळालेल्यांचें आश्रयस्थान आहे काय?

आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें, आणि दोघांच्याही नजरेंतून एक गोष्ट निसटली आहे असें वाटतें. वचन खुन्यास दिलें म्हणून तें वचन नव्हे असें होत नाहीं. परंतु जें आपल्या मालकीचें नाहीं त्याचें दान कोणासच करतां येत नाहीं. मोलनी यांच्याशीं झालेल्या करारांत कॉलेजनें गुप्ततेची हमी दिली होती ती 'अमेरिकेचा कायदा परवानगी देईल तितकी' अशा मर्यादेनें. मुलाखत देणाऱ्यांपुढें जो कागद सहीसाठीं ठेवला त्यांत हे शब्द नव्हते. सारा अनर्थ ह्या गाळलेल्या शब्दांत आहे. न्यायालयें कठोर झालीं तीं मागाहून. वचनाचा भंग झाला होता तो सही झाली त्याच दिवशीं. ज्यानें जिवावर उदार होऊन बोलावयाचें, त्यास आपण कोणत्या छपराखालीं उभे आहोंत आणि तें कोठें गळतें, हें सांगणें हा विद्वानाचा पहिला धर्म होता.

दुसरी गोष्ट प्रकाशनाची. सांगणारा मेला म्हणजे त्याचें सांगणें छापावयास मोकळीक झाली, असें धरून हा सारा उपक्रम चालला. परंतु मरणानें सुटतो तो बोलणारा. ज्याच्याविषयीं तो बोलला तो सुटत नाहीं, आणि ज्यांच्या मृताविषयीं तो बोलला ते तर मुळींच सुटत नाहींत. ह्यूज यांना आतां कोणी उलट प्रश्न विचारूं शकत नव्हतें. ज्यांचीं नांवें निघालीं त्यांना उत्तर द्यावें लागलें. आणि दहा मुलांच्या आईची कहाणी दुकानांतून विकली गेली. अनुमति घेतली होती मारणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाची. मेलेल्या बाईच्या मुलांशीं तसा कोणताच करारनामा नव्हता.

यावर कोणी म्हणेल, इतकी सावधगिरी बाळगली तर इतिहास कायमचा बुडेल. पण अधिक चांगला मार्ग त्याच भूमींत, त्याच काळीं सांपडला होता. नाहींशा केलेल्या माणसांच्या अस्थि शोधण्यासाठीं ब्रिटन आणि आयर्लंड ह्या दोन्ही सरकारांनीं १९९९ मध्यें कायदे करून एक आयोग नेमला. त्या आयोगास दिलेली माहिती फौजदारी खटल्यांत वापरतां येत नाहीं. तेथेंही गुप्तता आहे, तेथेंही खुन्यास अभय आहे. परंतु तें अभय ज्यांच्या हातीं सत्ता होती त्यांनीं दिलें, उघडपणें दिलें, त्याची मर्यादा आधीं सांगून दिलें. आणि त्या बोलण्याचें फळ प्रथम मृताच्या घरीं गेलें. आयोगाच्या यादींतील बहुतेकांचे अवशेष आजवर सांपडले आहेत. न्यायानें आपल्या हक्काचा एक भाग सोडला, ही हानि लहान नव्हे. पण ती सर्वांच्या देखत सोसली गेली.

मर्यादा स्पष्ट सांगितली असती तर बेलफास्टचे पुष्कळ लोक बोललेच नसते, आणि एक मोलाचें साधन हातचें गेलें असतें, हें आम्हांस मान्य आहे. ती हानि आम्ही पत्करूं. यादवीचा कांहीं इतिहास एक पिढी उशिरां लिहिला जावा, यांत विद्येची अप्रतिष्ठा नाहीं. आम्ही वाचणारे लोकही येथें अगदीं निर्दोष नाहीं. दूरच्या देशांतील रक्तपाताची आंतली हकीकत वाचावयास मिळावी ही आमची उत्सुकता नसती, तर तें सांगणें अधिक काळ कुलुपांत राहिलें असतें. ज्ञानाची तहान म्हणून आम्ही जिचा गौरव करतों, तिच्यांत कुतूहल किती आणि कळवळा किती, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं तपासावें.

कौशिकाचा दोष तो खरें बोलला हा नव्हता. बोलतांना त्यानें स्वतःच्या व्रताकडे पाहिलें, रानांत लपलेल्यांकडे पाहिलें नाहीं, हा त्याचा दोष. २०१४ मध्यें बॉस्टन कॉलेजनें मुलाखती देणाऱ्यांस कळविलें कीं, ज्यांना हव्या असतील त्यांनीं आपआपल्या मुलाखती परत न्याव्या. बोलणाऱ्यांस त्यांचे शब्द अशा रीतीनें परत मिळूं लागले. जीन मॅक्कॉनव्हिलच्या मुलांस आईच्या अस्थि तेवढ्या मिळाल्या होत्या, ऑगस्ट २००३ मध्यें. त्याही कोणाच्या संशोधनामुळें मिळाल्या नाहींत. समुद्रकांठीं फिरावयास गेलेल्या माणसांच्या त्या सहज दृष्टीस पडल्या.