चौकटीच्या कडेला

डोंबिवलीत जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यात बटर पेपरच्या पाकिटांतून कृष्णधवल निगेटिव्ह निघतात. ‘फोटो आहेत की अल्बममध्ये’ म्हणत त्या रद्दीबरोबर दिल्या जातात. कृपा करून देऊ नका.

अल्बममधला फोटो म्हणजे अख्खी निगेटिव्ह नव्हे. ‘आग्फा क्लिक थ्री’सारख्या कॅमेऱ्यात १२० ची फिल्म बसे. रोलवर १२ फोटो, प्रत्येक सुमारे ६ सेंटिमीटरचा चौरस. स्टुडिओत तो पोस्टकार्डाच्या लांबट कागदावर मोठा करताना चौरसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा बाहेर राही. माणसं मधोमध उभी असत, म्हणून बाहेर राही ते गाव.

आमच्या अल्बममध्ये आत्या ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठावर उभी आहे, मागे पाणी. निगेटिव्हमध्ये मात्र डावीकडे टांगा आहे, घोड्याच्या तोंडाला तोबरा आहे आणि कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारा एक अनवाणी मुलगाही. तलावपाळीवर आज गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथली ती मोकळी दुपार मला या कडेनेच दाखवली.

घरी हे काम जमतं. पांढऱ्या उजेडाचं लाइट पॅड, वर स्टँडला पक्का बसवलेला मॅक्रो लेन्सचा कॅमेरा, खोलीतले दिवे बंद. निगेटिव्ह कडांनीच धरायची, चकचकीत बाजू वर, म्हणजे पाटीवरची अक्षरं उलटी येत नाहीत. मग संगणकावर काळ्याचं पांढरं करायचं. चौकट पूर्ण घ्यायची, काहीही न कापता. पावसाळा टाळावा: आपल्या दमट हवेत जिलेटिन ओल धरतं, त्यावर बुरशी चढते. पाकीट उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर फिल्मचं ॲसिटेट विघटित होऊ लागलं आहे असं समजावं. त्या निगेटिव्ह इतरांपासून दूर ठेवाव्यात आणि आधी उतरवून घ्याव्यात.

खरा वेळ जातो धुळीत. रंगीत फिल्मवरचे ठिपके काही स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी ओळखून आपोआप पुसतात. इथे तसं होत नाही, कारण कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी ते किरण अडवते. प्रत्येक ठिपका हातानं काढावा लागतो. मला यात तोटा वाटत नाही. चित्र इंचाइंचानं पाहावं लागतं, आणि तसं पाहिल्याशिवाय कडेची माणसं दिसत नाहीत.

फाइलला नाव देताना साल, जागा आणि ओळखीचे चेहरे लिहायचे. तलावाच्या काठाजवळ वाढलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा फोटो घेऊन त्यांच्याकडे जातो. टांगा कुणाचा, हे एका आजोबांनी पाहताक्षणी सांगितलं. त्या मुलाचं नाव अजून विचारतो आहे.