चढावरचा दम

आमचं नांदगाव खंडेश्वर काळ्या मातीचं. कपाशी, तूर, सोयाबीन आणि नजर पोचेल तिथवर सपाट रान. अशा मुलखात पळायला शिकलेल्या पायांना चढाची ओळख उशिरा होते. खंडेश्वराची टेकडी तशी बुटकीच. वर यादवकाळातलं हेमाडपंती देऊळ आहे, म्हातारी माणसंही गप्पा मारत दर्शनाला चढून जातात. तीच टेकडी पळत चढायची म्हटली की अर्ध्यावर छातीचा भाता होतो आणि पोटऱ्या दगडासारख्या भरून येतात.

पहाटे मी पळायला निघतो तेव्हा रस्त्यावर भेटतात ती बहुतेक भरतीची पोरं-पोरी. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण एका धावेचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाला ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलीला २ मिनिटं ५० सेकंदांत यावं लागतं. चार सेकंद इकडचे तिकडे झाले तरी गुण जातात, आणि गुण गेला की वर्ष जातं. म्हणून या मुलांचा सारा जीव घड्याळात असतो.

एका पहाटे अशीच एक मुलगी टेकडीच्या मध्यावर थांबलेली दिसली. मनगटाकडे बघत होती, डोळे भरलेले.

"काऊन थांबली बाई?"

"टायमिंग गेलं ना काका. खालती बरोबर येत होतं."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. शंभर मीटरला दहा मीटर उंची वाढत असेल, तर सपाटीवरच्या वेगानेच पळायला शरीराला दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. प्रत्येक पावलाला आपलंच वजन उचलून वर ठेवायचं असतं. ती हळू झाली होती, पण कष्ट मात्र खालच्यापेक्षा जास्तच करत होती. घड्याळाला यातलं अर्धंच दिसतं.

चढावर पळायला शिकणं म्हणजे आधी मोजमाप बदलणं. मिनिटं सोडायची आणि श्वास धरायचा. खाली ज्या लयीत श्वास चालला होता, तीच लय वरही टिकली पाहिजे. त्यासाठी वेग जितका कमी करावा लागेल तितका करायचा. पाऊल आखूड पण भरभर. कमरेत वाकायचं नाही, वाकलं की छाती दबते. नजर देवळाच्या कळसाकडे न लावता समोरच्या आठ-दहा हात वाटेवर ठेवायची. आणि फारच उभा चढ आला तर चालायचं. त्या मुलीला हे पटायला वेळ लागला. चालणं म्हणजे हरणं, असं तिच्या मनात कुणीतरी घालून ठेवलं होतं. डोंगरातल्या लांब शर्यती धावणारे कसलेले धावपटूसुद्धा खड्या चढावर खुशाल चालतात, कारण तिथे पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं.

चढ किती उंच आहे यापेक्षा तो वाटेत कुठे येतो, याला मी जास्त महत्त्व देतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ धावपटूंच्या तोंडी असतो. एरवी गाडीत बसून जाताना तो जाणवतही नाही. पण पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याला परतीच्या वाटेवर, पस्तीसेक किलोमीटर झाल्यावर तो भेटतो आणि डोंगर होतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये उलटं. यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग उतरायचं. नवख्याला वाटतं, चढ संपला की सुटलो. खरं तर मांड्यांचे हाल उतारच करतो. तिथे प्रत्येक पावलाला शरीर आवरून धरावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

आता जे लिहितो आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आमच्या या पोरांची वाट टेकडीच्या बऱ्याच आधी चढाला लागते. डांबरी रस्त्यावर ट्रक अंगावर येतात म्हणून कडेच्या मुरमावरून पळायचं, तिथे घोटा मुरगळतो. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलं तर काळी माती बुटाला धरते आणि एकेक पाय किलोभर जड होतो. मेमध्ये सूर्य वर आला की संपलं, म्हणून अंधारात निघायचं, अंधारात कुत्री. मुलगी असेल तर सोबतीला भाऊ उठेल की नाही, हा प्रश्न रात्रीच सुरू होतो. जिथे आखलेलं मैदान आहे, शिकवणारा माणूस आहे, तिथल्या मुलाला यातलं काही लागत नाही. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे; तालुक्याच्या पोराला ते दिसतं, पण रोज पहाटे तिथे पोचता येत नाही. चाचणीच्या दिवशी मात्र दोघांच्या हातात एकच घड्याळ. चाचणीला दुसरा इलाज नाही, हे मला कळतं. घरी आणि गावात तरी आपण त्या घड्याळाच्या पलीकडे पाहायला हवं.

याच नांदगावने धनुर्विद्येत नाव काढलं आहे. मैदान आणि शिकवणारा मिळाला की इथली मुलं काय करतात, ते गावाने डोळ्यांनी पाहिलं आहे. धावणाऱ्यांना त्याहून कमी लागतं: चारशे मीटरची दाबून घेतलेली मातीची फेरी आणि पहाटे चार दिवे. ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडला पाहिजे.

आणि आईवडिलांना माझी एक विनंती आहे. लेकरू घामाघूम होऊन दारात आलं की लगेच "किती मिनिटं लागली?" असं विचारू नका. आज कुठून पळत आलीस, ते आधी विचारा.