कवड्यांची पिशवी

अहमदपूर परिसरातील एका तांड्यावर माझे अधूनमधून जाणे होते. तेथील एका वृद्ध बंजारा स्त्रीने स्वतः शिवलेली पिशवी मला दाखविली. जाड्याभरड्या लाल कापडावर चौकोनांची नक्षी, मधोमध आरसे आणि काठाला कवड्या. मी किंमत विचारली व सांगितलेल्या रकमेतून शंभर रुपये कमी करून घेतले. जवळच शाळेच्या गणवेशात तिची नात बसली होती. “याडी, हिला हे काम शिकवा, नाहीतर ही कला बुडेल,” असा उपदेशही मी केला. म्हातारी शांतपणे म्हणाली, “फादर, शंभर रुपये तुम्हाला सोडवले नाहीत, अन् कला जगवायला माझी नात मागता?”

मी निरुत्तर झालो. तोच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवतो : एखाद्या समाजाची ओळख सांगणारी वस्तू जपण्याचे ओझे कोणी वाहावे?

बंजारा हा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारा व्यापारी समाज. फिरत्या संसाराला भिंती नसतात. म्हणून स्त्रियांनी आपली नक्षी घागऱ्यावर, ओढणीवर आणि पिशवीवर उतरविली. एके काळी चलन असलेली कवडी अलंकार झाली. पुढे रेल्वे आली आणि बैलांवरचा व्यापार मोडला. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्याची झळ बंजाऱ्यांनाही लागली. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय मात्र उरला. ज्या पेहरावाने आपला माणूस ओळखू येई, त्याच पेहरावामुळे परका त्याच्याकडे बोट दाखवी.

अहमदपूरहून कर्नाटक आणि तेलंगणाची सीमा दूर नाही. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात अनुसूचित जमातींत गणला जातो. सरकारी याद्यांनी ज्यांना तीन ठिकाणी वाटले, त्यांचे नाते भरतकामाचा टाका सांगतो.

कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ मध्ये हंपी येथे त्याचे १,७५५ नमुने एकत्र मांडले गेले आणि त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु वस्तूचा गौरव करणे सोपे असते. ती घडविणाऱ्या हातांना योग्य मोल देणे कठीण. दिवाणखान्यात पिशवी टांगणारे आपण, त्याच तांड्यावरची बाई ऊसतोडीहून परतताना एस.टी.त शेजारी बसली, तर सरकून जागा देतो की तोंड फिरवतो?

ओळख ही ज्याची त्याची ठेव आहे. नातीने सुई हाती घेतली तर आनंदच. न घेता ती डॉक्टर झाली, म्हणून तिचे बंजारापण उणे होत नाही. आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी तिने आजीसारखेच राहावे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र लाजेपोटी किंवा पोटाच्या विवंचनेने तिने ती सुई खाली ठेवली, तर त्या दोषात आपलाही वाटा आहे.

पुढच्या खेपेस मी ते शंभर रुपये म्हातारीच्या हाती ठेवले. तिने ते मोजून कनवटीला लावले. आभार मानले नाहीत; मानण्याचे कारणही नव्हते.