दसऱ्याची तारीख

घट बसायला दोन दिवस होते. संध्याकाळी शेजारची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून दारात आली. "काकू, सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटी संपलीय म्हणतात. बाबा म्हणतात दसऱ्याला घेतला, अजून वर्ष कुठे झालंय?" पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, प्रोजेक्ट अर्ध्यावर आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या रेघा. नव्या स्क्रीनचे साडेसात हजार सांगितले होते. तिचे वडील साताऱ्यात रिक्षा चालवतात. साडेसात हजार म्हणजे किती फेऱ्या, हे त्या घरात कुणाला मोजून सांगावं लागत नाही.

बिल हरवलं नव्हतं. उलट इतकं जपलं होतं की तिच्या आईने ते पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात दागिन्यांच्या डबीखाली ठेवलं होतं. पाकीट माझ्या हातात आलं तेव्हा आत कोरा पांढरा कागद होता. उजेडात तिरका धरला, तर दुकानाच्या नावाची वरची ओळ तेवढी पुसट दिसली. अरुंद रोलवरच्या अशा बिलात शाई नसतेच. कागदाला रसायनाचा लेप असतो आणि तापलेला भाग टेकला की तिथे काळं उमटतं. ऊन, उष्णता, तेलकट हात यांनी ते उडतं. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही उडतं, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य कागदात उतरतं. त्या माउलीला हे कुणी सांगायचं? विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून ती माझ्याकडे आली. लॅपटॉप उलटा केला. खालचं स्टिकर मांडीच्या घामाने आणि घासण्याने पुसलं होतं. तरीही सीरियल नंबर मिळतो, कारण तो यंत्राच्या पोटातही लिहिलेला असतो. चालू करताना एफ-टू दाबून बायोस उघडला (काही कंपन्यांची कळ वेगळी असते) आणि रेघांच्या मधून एकेक अक्षर वाचत तिने तो वहीत उतरवला. शून्य की ओ, एक की आय, हे दोनदा ताडून पाहिलं. खोकं घरात असेल तर तिथेही हा नंबर असतो. त्यांचं खोकं माळ्यावर होतं, त्यात गोधड्या भरल्या होत्या. नंबर तोच निघाला. लेबलवर बनावटीचा महिनाही छापलेला होता, जुलै २०२३.

नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घातला. वॉरंटी सुरू ११ ऑगस्ट २०२३, समाप्त १० ऑगस्ट २०२४. मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांना चुकीचं आठवतंय?"

नाही, बाळा. बाबांचं काही चुकलेलं नाही. यंत्राजवळ खूप तारखा असतात. कारखान्यात जुळवलं ती एक. कंपनीतून निघून वितरकाकडे रवाना झालं ती दुसरी. विंडोज बसवल्याची तिसरी, पण मोठं अपडेट आलं की ती बदलते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. खरेदीची तारीख मात्र यंत्राला आपोआप कळत नाही. कुणी बिल दाखवून नोंदवलेली नसेल, तर बऱ्याच कंपन्या माल आपल्याकडून निघाल्याच्या दिवसापासून दिवस मोजायला लागतात. मग दुकानाच्या फळीवर खोकं दोन महिने बंद पडून असलं, तर ते दोन महिने गिऱ्हाइकाच्या खात्यातून जातात. वापरलेले नाहीत, तरी जातात.

मला हे फार लागलं. वॉरंटीला आपण हमी म्हणतो. हमी माणसाला दिलेली असते, खोक्याला नाही. ज्या दिवशी बापाने पैसे मोजले आणि लेकीने पिशवी हातात घेतली, त्या दिवसापासून तो शब्द लागू होतो. बिल हा त्या शब्दाचा साक्षीदार. साक्षीदाराची वाचा गेली म्हणून शब्द खोटा ठरत नाही. दुसरा साक्षीदार शोधायचा.

आणि साक्षीदार होते. भिशीचा नंबर त्या महिन्यात त्यांचा लागला होता, भिशीच्या वहीत सही होती. त्यात भर घालायला बँकेतून काढलेले पैसे पासबुकात होते, २० ऑक्टोबर २०२३. मग ती म्हणाली, "काकू, पूजेचा फोटो आहे." तिच्या फोनमधला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला होता. असा फोटो काढल्याची मूळ तारीख सोबत आणत नाही. मूळ फोटो तिच्या काकाच्या फोनमध्ये होता. तो उघडून माहिती पाहिली. २४ ऑक्टोबर २०२३, संध्याकाळचे सात वाजून गेलेले. विजयादशमी.

तो फोटो मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. पाटावर लाल कापड. त्यावर रिक्षाचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर, आजीचा विळा, आईची शिवणाची कात्री आणि मधोमध नवा लॅपटॉप. भोवती झेंडूची माळ, शेजारी आपट्याची पानं. झाकणावर हळदीकुंकवाची दोन बोटं. ज्या अवजारांवर हे घर पोट भरतं, त्यांच्या पंक्तीत लेकीचं अवजार त्या दिवशी पहिल्यांदा बसलं होतं. कपडे, भांडी खूप आली असतील त्या घरात, त्यांच्या तारखा कुणाला आठवत नसतील. ही आठवत होती. वडिलांनी सेंटरवर चार वेळा "दसरा" हा एकच शब्द सांगितला होता आणि समोरचा माणूस पुन्हा पुन्हा कंपनीच्या नोंदीकडे बोट दाखवत होता. दोघेही खरंच बोलत होते.

फोटो आणि पासबुक म्हणजे बिल नव्हे, हे मला माहीत होतं. पण तारीख हातात आली की दुकानात जाता येतं. जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावीच लागतात, म्हणजे २०२३चं बिल त्याच्याकडे असणारच. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दुकानदार म्हणाला, "दसऱ्याला इथे पाय ठेवायला जागा नव्हती मॅडम. पण नंबर आहे ना? द्या." सीरियल नंबर टाकला आणि मिनिटभरात बिल समोर. मोठ्या कागदावर, शाईने छापून, वर "डुप्लिकेट" असं लिहून, सही-शिक्क्यानिशी दिलं. मुलीच्या वडिलांनी किती द्यायचे विचारलं, तर दुकानदाराने हात जोडले. "दादा, बिल तुमचंच आहे."

एक विनंती करावीशी वाटते, तीही कळकळीने. लॅपटॉप, मिक्सर, पंखा, काहीही घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानाच्या पायरीवर उभे असतानाच त्याचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा. बिल द्यायला कुणी टाळाटाळ केली तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनमध्ये असू द्या.

बिल सेंटरवर दाखवलं, त्यांनी ते कंपनीकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी वेबसाइटवर नवी तारीख आली. समाप्ती २३ ऑक्टोबर २०२४. जवळपास तीन आठवडे उरले होते.

लॅपटॉप जमा करून घेताना सेंटरचा मुलगा तो सगळीकडून पाहून जॉबशीटवर लिहीत होता. कोपऱ्यावर ओरखडा. चार्जर सोबत. झाकणावर लाल डाग, जुना. मुलीने शीट वाचलं, काही बोलली नाही. सही करण्याआधी फोन काढून त्या कागदाचा फोटो घेतला. वडील काउंटरला टेकून उभे होते. त्यांनी झाकणावर एकदा हात फिरवला आणि त्या मुलाला म्हणाले, "भाऊ, पुसू नका तेवढं."