आधी काय मांडावे

मनुष्याने प्रवासाला निघताना घर बरोबर न्यावे की मागे ठेवून निघावे, हा प्रश्न एरवी माझ्या डोक्यात आला नसता. इंदिरानगरात राहणाऱ्या माणसापुढचे प्रवासाचे प्रश्न फार साधे असतात. बोगद्यापाशी गाड्या तुंबल्या आहेत की नाहीत, एवढे कळले की त्याची निम्मी चिंता मिटते. पण माझा पुतण्या गेली वीस वर्षे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो, आणि पन्नाशी जवळ आल्यावर त्याला व त्याच्या बायकोला मोटारसायकलींचा नाद लागला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचे लांबलचक पत्र आले. (पत्र आता संगणकावर येते, एवढाच फरक, काकांना सविस्तर लिहावे ही त्याच्या आईची शिकवण अजून टिकून आहे.) पत्रात दोन वाहनांची चित्रे होती आणि शेवटी विनंती होती, की काका, तुम्ही जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेत, तेव्हा यातले कोणते घ्यावे ते तुम्हीच सांगा.

पहिल्या वाहनाचे नाव ट्रक कॅम्पर. हा ट्रक म्हणजे आपला मालट्रक नव्हे. पुढे मोटारीसारखी बसायची जागा आणि मागे उघडा हौदा, अशी ती गाडी असते. त्या हौद्यात एक खोलीच्या खोली आणून बसवायची. आत शेगडी, पाण्याची टाकी, बसायला बाक, आणि झोपायचा बिछाना चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला. मोटारसायकल न्यायची तर ती मागे, बाहेर, लोखंडी फळीवर आवळून बांधायची. ऊन, पाऊस, धूळ जे काही असेल ते तिने सोसावे.

दुसऱ्याचे नाव टॉय हॉलर. हा ट्रकाच्या मागे जोडून ओढायचा लांब डबा असतो. त्याच्या पुढच्या भागात घर आणि मागच्या भागात मोटारसायकलींचा गोठा. मागची सबंध भिंत बिजागरीवर खाली येते आणि तिचाच उतार होतो. त्यावरून गाड्या आत चढवायच्या आणि जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी जखडायच्या. तोपर्यंत पलंग छताशी टांगलेले राहतात. मुक्कामाला पोचून गाड्या बाहेर काढल्या, म्हणजे माणसांचे पलंग खाली येतात. टॉय म्हणजे खेळणे. पन्नाशीतल्या गृहस्थाने आपल्या दोनशे किलोच्या यंत्राला उघडपणे खेळणे म्हणावे, हा त्या लोकांचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आपल्याकडे अशा वस्तूला आपण ‘गरज’ म्हणतो आणि हप्त्यांवर घेतो.

आपल्याकडेही २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. म्हणजे चाकांवरच्या घराची कल्पना आता सरकारदप्तरी परकी राहिलेली नाही. तरी पुतण्याचा डबा ट्रकासकट शेहेचाळीस फूट, चौदा मीटर भरत होता. आमच्या गल्लीत तो वळलाच नसता, आणि वळला असता तर शेजारच्यांच्या स्कूटरी कुठे ठेवायच्या यावर सोसायटीची सभा भरली असती.

पण गंमत सोडा. या दोन वाहनांमागे राहण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या अमेरिकेत जन्मलेल्या नाहीत. दिवाळी सरली की देशावरचे मेंढपाळ कोकणाकडे उतरतात. त्यांच्या घोड्याच्या पाठीवर सगळा संसार असतो. भांडी, वाकळा, तंबूचे कापड, आणि वर एखादी कोंबडी किंवा नुकते जन्मलेले कोकरू. घोडा जाईल तिथे घर जाते. हा झाला कॅम्पर. दुसरी तऱ्हा ज्येष्ठात दिसते. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नाशकातून पंढरीच्या वाटेला लागते. तेव्हा दिंड्यांचे ट्रक तंबू, पातेली, शिधा घेऊन पुढच्या मुक्कामाला जातात. वारकरी खांद्यावर पताका आणि हातात टाळ एवढेच घेऊन चालतो आणि संध्याकाळी आपल्या घराशी पोचतो. घर वाहायचे ओझे वेगळे आणि चालायचे सुख वेगळे. टॉय हॉलरचा मालक हेच करतो. डबा माळावर उभा करतो आणि हलका होऊन डोंगरात शिरतो.

मला मनातून ही दुसरी तऱ्हा बरी वाटते. घर सतत पाठीशी असले की माणूस कुठेच गेल्यासारखा होत नाही. पण कॅम्परची बाजूही लटकी नाही. लहान घर अरुंद वाटेने थेट ओढ्याकाठी जाते, तिथे पोचायला निराळे खेळणे लागत नाही. मोठा डबा जिथे जाऊ शकत नाही तिथे जाण्यासाठी मोटारसायकल लागते, आणि मोटारसायकल न्यायची म्हणून मोठा डबा लागतो! या चक्रावर मी पुतण्याला दोन पाने लिहिली. त्यावर त्याचे उत्तर आले ते निव्वळ आकड्यांचे. तत्त्वज्ञान राहू द्या काका, असे त्याला म्हणायचे असावे.

आकडे असे होते. त्याच्या ट्रकाच्या दाराच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल ते तिच्यावर छापलेले असते. त्याच्या ट्रकाचा आकडा १,७२० किलो. त्यातून कॅम्परचे ११०० वजा. चाळीस गॅलन पाणी म्हणजे १५० किलो, ते वजा. दोघे मिळून १४०. गॅस, भांडी, कपडे, खाणे १००. राहिले २३०. त्याची मोटारसायकल २०५ किलो आणि ती ठेवायची फळी २५. बेरीज चोख जुळली. बायकोची गाडी १५५ किलोची. तिला जागा नाही. मागे वेगळा छोटा गाडा जोडून ती नेता आली असती, पण मग कॅम्परचा आखूडपणा, जो त्याचा मुख्य गुण, तोच गेला. तेव्हा कॅम्पर घ्यावा, टॉय हॉलरपेक्षा पैसेही कमी पडतात, आणि सूनबाईंची गाडी घरी राहावी, असा निष्कर्ष. सूनबाईंचीही संमती होती. फोनवर ती मला म्हणाली, “काका, माझी गाडी घरी राहिली तर काय बिघडतंय? मी मागे बसेन की ह्यांच्या.”

हिशेबात चूक नव्हती. मी दोनदा ताडून पाहिला. कागद आमच्या घरातून हिने वाचला आणि विचारले, “अहो, पण पाणी आधी का धरलंय?” मी म्हटले, पाणी लागतेच. “लागतं, पण दीडशे किलो लागतं का? आणि याची गाडी ओळीत आधी आणि तिची नंतर, हे कुणी ठरवलं?”

मी चाळीस वर्षे हिशेब तपासले, पण हा प्रश्न मला कोणत्याही कार्यालयात कुणी विचारला नव्हता. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते, हे आपण शाळेत शिकतो आणि ते खरे आहे. पण भांडे जेव्हा ठरावीक मापाचे असते तेव्हा क्रमाला महत्त्व येते. जे आधी मांडले ते पुरते भरते. सगळी तूट शेवटच्या ओळीवर येते. घरोघरी हे चालते. मुलाची फी, सासऱ्यांचे औषध, गाडीचा हप्ता, आणि मग उरले तर हिचा गाण्याचा क्लास. उरत नाही, आणि त्यात कुणाचा दोष दिसत नाही, कारण आकडा बोट दाखवत नाही. कर्त्या माणसाला तर मनापासून वाटते, की मी कुणाला नाही म्हटलेच नाही.

ऊसतोडीच्या धंद्यात हे उघड आहे. बीडकडून जी जोडपी कारखान्यांवर जातात, त्यांची मोजदाद ‘कोयता’ या मापाने होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा. ती पहाटे उठून भाकऱ्या करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तिथले पोटाचे दुःख आणि कोलोरॅडोतली हौस यांची तुलना करणे अप्रशस्त आहे हे मला कळते. पण दोन माणसे एका आकड्यात घालण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे. “मागे बसेन की ह्यांच्या” या वाक्यात दोघांचा एक कोयता झालेलाच होता.

यावर कुणी म्हणेल, तिने राजीखुशीने सोडले, आणि सोडण्यात थोरवी आहे असे आपणच सांगत आलो. थोरवी आहेच. पण त्यागाला एक अट असते. जे सोडायचे ते आधी आपल्या नावावर जमा झालेले असावे लागते. सूनबाईची गाडी त्या कागदावर आली ती जागा संपल्यावर. तिने जे दिले ते तिच्या हाती कधी ठेवलेच गेले नव्हते. अशा देण्याला समजूतदारपणा म्हणावा. त्याग म्हटले की घेणाऱ्याची फार सोय होते.

आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आठ महिने हिंडणाऱ्या आणि पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने हे लेणे दिले, आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. मी तपासनीस असल्यामुळे हा लेख समजला त्या दिवशीच गुणाकार केला. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. एक नाणे इकडे नाही, तिकडे नाही. पुतण्याचाही हिशेब असाच चोख होता; पण इथे आकडे शेवटून वाचावेत असे मला वाटते. वीस माणसे, प्रत्येकाला एक वस्त्र, आणि त्याला पुरेल एवढे मुद्दल. विसाव्या भिक्षूच्या वाट्याला उरलेसुरले आलेले नाही.

मी पुतण्याला एवढेच लिहिले, की पट्टीवरचा आकडा तोच ठेव, पण ओळी फिरव. पहिल्या ओळीत दोन माणसे, दुसऱ्या ओळीत दोन गाड्या, आणि मग घराला काय उरते ते पाहा. त्याने पाहिले. दोघांचे १४० आणि गाड्यांचे ३६० वजा जाता १,२२० किलो उरले, पण हौद्यात गाड्या उभ्या राहिल्यावर घर ठेवायला जागाच उरली नाही. सूनबाई म्हणाली, मग तंबू नेऊ. त्याला पाठदुखी आहे. त्यावर आठवडाभर त्यांच्या घरात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ते मी विचारणेही बरे नव्हे.

शेवटी त्यांनी कुणी वापरलेला, चोवीस फुटी टॉय हॉलर घेतला. ठरवल्यापेक्षा पैसे जास्त गेले, आणि यंदाची भारतभेट त्यापायी पुढच्या वर्षावर गेली, म्हणजे आमच्या फराळाची तूट आमच्या माथी आली. ही ओळ कुणीतरी शेवटी मांडली, हे उघड आहे. पण निदान आम्हाला विचारून मांडली.

डबा भरण्याचेही एक शास्त्र आहे. डब्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकाच्या आकड्यावर यावा लागतो, नाहीतर डबा रस्त्यावर शेपटीसारखा हलतो. म्हणून जड गाडी आधी आत, पुढे सरकवायची, आणि हलकी मागाहून. त्यामुळे मुक्कामाला पोचल्यावर उतारावरून पहिल्यांदा सूनबाईची गाडी बाहेर येते, आणि ती येईपर्यंत याला आपली हलवता येत नाही. परवाच्या पत्रात त्याने याबद्दल अवाक्षर लिहिलेले नाही. रात्री बिछान्याला पेट्रोलचा वास येतो, अशी मात्र तक्रार आहे.