आधी निवाडा, मग आचरण

परमेश्वर न्यायी आहे आणि मनुष्य अपराधी आहे, ही दोन विधाने मनापासून मान्य केली की त्यांतून उभा राहणारा प्रश्न हा ख्रिस्ती धर्मविचारातील सर्वांत बिकट प्रश्न होय: अशा मनुष्याने अशा परमेश्वरापुढे कोणत्या आधारावर उभे राहावे? स्वाभाविक बुद्धीला सुचणारे उत्तर असे की, मनुष्याने आधी सुधारावे, व्रतनियमांनी चित्त शुद्ध करावे, केलेल्या पापाची भरपाई करावी, आणि मग, पात्रता पदरी पडल्यावर, देवाच्या दरबारी रुजू व्हावे. या क्रमात नीतीचा मान राहतो, कष्टांना मोल येते आणि न्यायाची बूज राखली जाते. म्हणूनच तो सोडून देणे सज्जनालाच अधिक जड जाते. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा जो सिद्धांत ख्रिस्ती शास्त्रात सांगितला आहे त्याने हा क्रमच उलटा केला. आधी स्वीकार, मग सुधारणा. आधी निवाडा, मग आचरण. तारणाच्या विचारात या सिद्धांताचे स्थान कोणते, याविषयी ख्रिस्ती जगात शतकानुशतके जे वाद झाले त्या सर्वांच्या मुळाशी हा क्रमाचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

लूककृत शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जकातदार म्हणजे रोमी अमलाखाली जकातवसुलीचे काम करणारा, रयतेकडून वाजवीपेक्षा अधिक उकळण्याबद्दल बदनाम झालेला, आणि परक्या सत्तेचा चाकर म्हणून स्वकीयांच्या तिरस्कारास पात्र ठरलेला इसम. तो मंदिरात दूर उभा राहतो, वर पाहण्याचेही त्याला धैर्य होत नाही, आणि ऊर बडवून तो केवळ दयेची याचना करतो. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करणारा, उत्पन्नाचा दशमांश नियमाने देणारा गृहस्थ आहे, आणि तो खोटे बोलत आहे असे दृष्टांतात कोठेही सुचविलेले नाही. तरीही येशूचा निर्णय असा की, जकातदार नीतिमान ठरून घरी गेला. त्याने जादा वसूल केलेली रक्कम परत केली काय, दुसऱ्या दिवशी नाक्यावर तो कसा वागला, याविषयी तेथे अक्षरही नाही. पुढच्याच अध्यायात जक्कय नावाच्या दुसऱ्या एका बड्या जकातदाराची हकीकत येते. तेथे येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो, आणि त्यानंतर जक्कय अन्यायाने घेतलेल्या पैशाची चौपट परतफेड करण्याचे वचन देतो. परतफेड आहे, आणि ती उदार आहे. पण ती पाहुणा घरात आल्यानंतरची आहे, त्याला बोलावण्याची किंमत म्हणून दिलेली नाही.

पौलाकडे वळले की हाच क्रम एका पंगतीच्या भांडणातून तत्त्वरूप घेताना दिसतो. अंत्युखिया येथील मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय ख्रिस्ती एकत्र जेवत असत, आणि पेत्रही त्यांच्या पंगतीस बसत असे. परंतु याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा सुंता झालेल्यांच्या धाकाने त्याने तेथून अंग काढून घेतले, आणि त्याचे पाहून इतर यहूदी, फार काय, बर्णबासुद्धा बाजूला सरला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला जाब विचारला. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, हे विधान गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात या हकीकतीच्या पाठोपाठ येते, आणि ते तेथेच यावे हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला देवाने आपल्या पंगतीस बिनशर्त बसविले त्याच्यापुढे दुसरी अट मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा पौलाचा सवाल आहे. पंगतिभेद हा ज्या देशात समाजरचनेचा खांब होऊन बसला होता त्या देशातील वाचकाला त्या सवालाची धार कोणी समजावून सांगावी लागू नये. पुढे युरोपात हा सिद्धांत एकेकट्या जिवाच्या अंतर्यामीचा प्रश्न झाला, आणि तो तसा आहेही. पण कोणी कोणाशेजारी जेवावे या प्रश्नापासून तो कधी तुटलेला नव्हता, हे विसरल्याने त्याची अर्धी शक्ती हरवते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दोषी मनुष्याला निर्दोष ठरविणारा न्यायाधीश परमेश्वराला तिरस्करणीय आहे, असे नीतिसूत्रांतच स्पष्ट म्हटलेले असताना, पौलाचा परमेश्वर नेमके तेच करतो हे कसे? यावर केवळ ‘देव दयाळू आहे’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण ज्याच्या दयेत न्यायाला थारा नाही त्याची दया पीडिताच्या वाट्याला अन्याय म्हणूनच येते. ख्रिस्ती उत्तर वधस्तंभाकडे बोट दाखवते: अपराधाकडे डोळेझाक झालेली नाही, त्याचा भार न्यायाधीशाने स्वतः उचलला आहे. तरीही न्यायालयाचे रूपक एकटे घेतले तर एकाचा दंड दुसऱ्याच्या नावे कसा लिहिला जातो ही शंका उरतेच. आणि म्हणून त्याच्या जोडीला पौलाचे दुसरे सूत्र, ख्रिस्ताशी एकरूप होण्याचे, घेतलेच पाहिजे. ल्यूथरने 1520 साली ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर जे छोटे पुस्तक लिहिले त्यात हे नाते विवाहाच्या रूपाने मांडले आहे. वधूचे कर्ज वराचे होते आणि वराची संपदा वधूची होते, ती हिशेबातील मखलाशी म्हणून नव्हे, तर दोघांचे घर आता एक झाले म्हणून. निवाडा आणि नाते ही दोन्ही सूत्रे हातात असली तरच हा सिद्धांत उभा राहतो, असे माझे मत आहे.

या सिद्धांताचा इतिहास सांगताना बहुधा ल्यूथरपासून आरंभ करतात. मला येथे त्याच्या बरोबरीने आणखी एका मनुष्याकडे पाहावयाचे आहे, कारण त्या दोघांना एकत्र पाहिल्यावाचून हा वाद पंथाभिमानाच्या पलीकडे जात नाही. गास्पारो कोंतारिनी 1483 साली व्हेनिसच्या सरदार घराण्यात जन्मला. त्याच वर्षी आइसलेबेन येथे मार्टिन ल्यूथर जन्मला. कोंतारिनीचा जिवलग मित्र जुस्तिनियानी संसार सोडून कामाल्दोली येथील विजनवासी संन्याशांत गेला आणि तेथून, इतकी तपश्चर्या करूनही आपल्या पापांचे क्षालन होईल की नाही अशी धास्ती व्यक्त करू लागला. कोंतारिनीची अवस्था त्यामुळे शोचनीय झाली. ज्याने सर्वस्व त्यागले त्याला भरवसा नाही, तर शहरात राहून विद्याव्यासंग आणि राजकारण करणाऱ्या आपल्यासारख्याला कोणती आशा? 1511 सालच्या पुनरुत्थान-सणाच्या आदल्या दिवशी तो पापनिवेदनासाठी गेला असता एका धर्मगुरूने त्याला सांगितले की, तारणाची वाट लोक समजतात तितकी अरुंद नाही. त्या संभाषणानंतर त्याच्या मनाने घेतले की, स्वतःच्या सर्व तपाने ज्या पापांची भरपाई होणे नाही ती ख्रिस्ताच्या दुःखसहनाने पूर्वीच पुरेपूर झाली आहे, आणि आपले काम प्रेमाने व विश्वासाने त्याच्याशी जोडले जाणे एवढेच आहे. हे त्याने मित्राला पत्राने कळविले. ती पत्रे चार शतके दफ्तरात पडून राहिली आणि विसाव्या शतकात हुबर्ट येदिन या इतिहासकाराने ती प्रसिद्ध केली.

त्याच सुमारास ऑगस्टिनच्या नावाने चालणाऱ्या संघात संन्यस्त झालेला ल्यूथर पापांची बारीकसारीक मोजदाद करीत तासन्‌तास पापनिवेदन करीत होता, आणि उठून जाताच राहून गेलेले पाप आठवून पुन्हा परतत होता. त्याचा वडीलधारा मार्गदर्शक श्टाउपिट्स त्याला वारंवार ख्रिस्ताकडे पाहावयास सांगत असे. विटेनबर्ग येथे 1515-16 साली रोमकरांस पत्रावर व्याख्याने देताना, आणि बहुधा त्यानंतरही काही काळ, तो ज्या शोधाकडे सरकत होता तो त्याने 1545 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, सविस्तर लिहून ठेवला: देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शासन करणारे नीतिमत्त्व असे तो समजत होता, आणि पौल ज्याविषयी बोलत होता ते देव मनुष्याला देतो ते नीतिमत्त्व होते. दोघांचा जन्म एका वर्षीचा, दोघांची व्यथा एक, दोघांना मिळालेला दिलासाही जवळजवळ एक. आणि तरी एक पुढे धर्मभेदाचा प्रवर्तक झाला व दुसरा रोमचा कार्डिनल. 1521 साली ल्यूथर वर्म्सच्या राजसभेपुढे उभा राहिला तेव्हा कोंतारिनी व्हेनिसचा वकील म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी होता, पण त्या दोघांचे बोलणे झाले नाही.

1541 साली रेगेन्सबुर्ग येथे सम्राटाच्या पुढाकाराने दोन्ही पक्षांच्या विद्वानांची मसलत बसली. पोपचा प्रतिनिधी म्हणून कोंतारिनी हजर होता. प्रत्यक्ष वाटाघाटीत प्रॉटेस्टंटांच्या बाजूस मेलांख्थॉन आणि बुत्सर, रोमच्या बाजूस योहान एक् आणि ग्रोपर असे लोक होते. नीतिमान ठरण्याविषयीच्या पाचव्या कलमावर मे महिन्याच्या आरंभी त्यांचे एकमत झाले. मनुष्याला ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपले म्हणून दिले जाते, आणि त्याच वेळी पवित्र आत्म्याच्या योगे त्याच्या अंतःकरणातही नीतिमत्त्वाचा उगम होतो. पण भरवसा ठेवावयाचा तो पहिल्यावर, कारण दुसरे या जन्मी अपुरेच राहते. तरुण कॅल्विन तेथे उपस्थित होता, आणि विरुद्ध पक्षाने इतके मान्य केले याचे त्याला आश्चर्य वाटले. कलम टिकले नाही. ल्यूथरला ते ठिगळकाम वाटले, रोमलाही ते पसंत पडले नाही, आणि प्रभुभोजनाच्या प्रश्नावर सारी बोलणीच फिसकटली. पुढच्या वर्षी कोंतारिनी बोलोन्या येथे वारला. ते कलम ही निव्वळ राजकीय तडजोड होती असे म्हणणारे आहेत. माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ज्याने तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या निराशेतून हेच सत्य हस्तगत केले होते त्याच्या दृष्टीने ते कलम तडजोड कसे असणार?

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी 1547 मध्ये संमत केलेला निर्णयलेख 16 प्रकरणांचा आणि 33 निषेधसूत्रांचा आहे. त्याच्या आधी कित्येक महिने खल चालला होता, आणि रेगेन्सबुर्गच्या मताशी जवळचे मत सेरिपांदो या धर्माधिकाऱ्याने तेथे मांडून पाहिले, पण ते नाकारले गेले. प्रॉटेस्टंट लेखक ट्रेंटवर कर्मवादाचा आरोप करतात तो मला रास्त वाटत नाही. मनुष्य देवाच्या कृपेवाचून, केवळ आपल्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो, या मताचा निषेध त्या लेखाच्या पहिल्याच सूत्रात आहे. मनुष्य स्वबळाने नीतिमान होऊ शकतो असे मानणाऱ्या पेलेजियसविरुद्ध पाचव्या शतकात ऑगस्टिनने जे मिळविले होते ते ट्रेंटने गमावले नाही. ट्रेंटची चिंता निराळी होती: देवाचा शब्द निष्फळ नसतो, तेव्हा त्याने ज्याला नीतिमान म्हटले तो आतून तसा होऊ लागलाच पाहिजे. ही चिंता योग्य आहे. मात्र ट्रेंटने निवाडा आणि अंतःशुद्धी यांची वीण अशी घट्ट घातली की, आपण तारणाच्या मार्गावर आहोत काय, हे पाहण्यासाठी मनुष्याला पुन्हा स्वतःच्याच अंतरंगात डोकावणे भाग पडले; आणि तेथे डोकावूनच तर कोंतारिनी आणि ल्यूथर हे दोघेही खचले होते.

निवाडा हे संपूर्ण तारण नव्हे. तारणात पवित्रीकरण आहे, देहाचे पुनरुत्थान आहे, सृष्टीचे नूतनीकरण आहे. निवाडा हा त्याचा पाया आहे, आणि पायाचे काम वास्तूची जागा घेणे नसून तिचा भार वाहणे हे असते. सत्कर्माला हा भार वाहावा लागला की ते सत्कर्म राहत नाही. मी भुकेल्याला अन्न दिले ते माझ्या खात्यावर जमा व्हावे म्हणून, तर त्या भुकेल्याकडे मी पाहिलेच नाही, मी माझ्या खात्याकडे पाहिले. निवाडा आधी लागला असेल तरच शेजारी हा शेजारी म्हणून दिसू शकतो. याकोबाचे पत्र कर्मांवाचून असलेल्या विश्वासाला निर्जीव म्हणते, आणि डीट्रिख बॉनहोफर याने 1937 साली, हिटलरच्या जर्मनीत, आपल्याच ल्यूथरपंथीयांनी कृपा स्वस्त करून टाकली असा ठपका ठेवला. दोघांचेही म्हणणे मला मान्य आहे. पण त्या दोघांनी धिक्कारली ती कृपेचे नाव घेऊन आळसाला दिलेली सनद होय, कृपेचे अग्रस्थान नव्हे.

महाराष्ट्रात या सिद्धांताची सर्वांत स्पष्ट साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली मालमत्ता तीर्थयात्रा, दाने आणि अनुष्ठाने यांत पुण्यप्राप्तीसाठी खर्ची घातली, आणि आईवडील दोघेही दुष्काळात उपासमारीने गेले. पुण्याचा हिशेब रमाबाईंनी पुस्तकात वाचलेला नव्हता, तो त्यांच्या घराने फेडला होता. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही 1907 सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, ख्रिस्त आला नव्हता. बुद्धीला पटलेली तत्त्वे होती, संस्कार होते, सेवाही होती. आपण आहोत तशा पत्करल्या गेलो आहोत ही खात्री नव्हती, आणि ती पुढे 1890 च्या सुमारास आली. त्यानंतर काही वर्षांतच 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका सोडवून आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. निवाड्याची खात्री पटली की माणूस हातपाय गाळून बसेल, ही ट्रेंटची भीती केडगावी तरी खरी ठरली नाही.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथीय जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या; पुढे मेथडिस्ट, आणि 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्याही तीत सामील झाल्या. सोळाव्या शतकातील निषेध परस्परांच्या आजच्या शिकवणीला लागू पडत नाहीत, हे तीत मान्य केलेले आहे, आणि रेगेन्सबुर्गला जे निसटले ते साडेचार शतकांनी बऱ्याच अंशी परत मिळाले. बाकी राहिला आहे तो एक मुद्दा: नीतिमान ठरलेला मनुष्य त्याच क्षणी पापीही आहे, असे ल्यूथरपंथीय म्हणतात, बाप्तिस्म्यानंतर उरते ती पापाकडे ओढणारी वासना, तिला पाप या नावाने संबोधणे योग्य नव्हे, असे कॅथलिक म्हणतात. या मुद्द्यावर मी ल्यूथरच्या बाजूचा आहे. वासनेचे नाव बदलून मला धीर येत नाही. तिला पाप म्हणूनही, ती माझ्यात असतानाच, माझा निवाडा माझ्या बाजूने लागला आहे असे कोणी अधिकाराने सांगितले, तरच मी तिच्याशी लढावयास उभा राहू शकतो.