केबिनचं दार

वाळूज एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांत सकाळची मीटिंग उभ्यानेच उरकतात. फळ्यावर रात्रपाळीचं रिजेक्शन आणि शेजारी मशीनचा नंबर. त्या मशीनवर कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, नाव घ्यायचीही गरज नसते. ख्रिस्ती व्यवस्थापकाला अशा वेळी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय आठवायला हवा. भावाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे जाऊन एकांतात बोलायचं, न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यायचं, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी चारचौघांत, मग वरिष्ठांना मेल, आणि त्या माणसाशी बोलायचं राहूनच जातं.

पण हा क्रम जसाच्या तसा कारखान्यात आणून भागत नाही. तिथे बोलणारे दोघे भाऊ आहेत. इथे एकाचं कंत्राट वाढवायचं की नाही हे दुसऱ्याच्या हातात असतं. दार लावून घेतलं की साहेबांना तो एकांत वाटतो, कंत्राटी पोराच्या पोटात मात्र गोळा येतो. म्हणून बोलावून घेण्यापेक्षा आपण उठून मशीनपाशी जावं. लाल क्रेटमधला जॉब उचलावा, कडेची बर बघावी आणि विचारावं, "काय झालं रे?"

"सर, इन्सर्ट झिजलाय. परवापासून स्टोअरला मागतोय."

हे उत्तर मीटिंगमध्ये मिळालं नसतं. आणि एक पथ्य मला फार महत्त्वाचं वाटतं: चूक दाखवताना वचनाचा आधार घेऊ नये. माणूस ख्रिस्ती असो वा नसो, साहेबांशी एकवेळ वाद घालता येईल, साहेबांच्या देवाशी कसा घालणार?

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हाताखालच्या माणसाची आणि वरिष्ठाची, अशा दोन्ही बाजू आल्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी वाँटेजच्या मठातल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना सडेतोड पत्रं लिहिली. श्रद्धा स्वीकारली म्हणून सदसद्विवेक दुसऱ्याच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. मतभेद टोकाला गेले तरी पत्रव्यवहार थांबला नाही, आणि ती पत्रं पुढे जेराल्डिनबाईंनीच जमवून जपली. ज्यांत आपल्यावर टीका आहे असे कागद जपून ठेवणारा वरिष्ठ विरळाच.

मग रमाबाई स्वतः संस्थाचालक झाल्या. 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, हा त्यांचा आक्षेप होता. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार लावत नाही, कुणाला बोलावतही नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. प्रार्थना लपवायला त्या तयार नव्हत्या, हे योग्यच होतं. तरीही टीकाकारांच्या बोलण्यात एक गोष्ट उरतेच: जिचं छप्पर आणि ताट बाईंच्या हाती आहे, ती विधवा मुलगी त्या उघड्या दाराशी कितपत मोकळेपणाने येते? चालकाचा हेतू शुद्ध असला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. वाळूजमध्ये साहेबांनी "माझं दार सदैव उघडं आहे" म्हटलं, तरी त्यातून कुणी आत येत नाही, त्याचं कारण हेच.

त्यामुळे वरची टीका खाली सहज पोचते, खालची वर यायला वाट लागते आणि ती साहेबांनीच पाडावी लागते. पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं, कारण बिगरयहुदी बांधवांच्या पंगतीतून पेत्र मागे सरला तोही सगळ्यांदेखतच. हाच न्याय साहेबांना लावायचा. इन्सर्टची मागणी त्यांच्याच सहीवाचून अडली होती असं निघालं, तर त्या पोराला बाजूला घेऊन पाठ थोपटणं पुरेसं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यापुढे, त्याच माणसांसमोर, "मशीनवाल्याचा दोष नव्हता, सही माझी राहिली होती," असं म्हणावं लागेल.